मंजे, आधी हे वाच मग फोन कर

मंजे,

एवढे महिने गप्प होते म्हणून शिव्या घालशील, घाल. गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर बरी आहे, झालं.

दादा बाबांचा कोथरूडचा फ्लॅट स्वतःकडे ठेवतोय, माझा अर्धा हिस्सा पैशात देणार, त्यासाठी लोन काढतोय. त्याला माझी ना नाही गं, आईचं सगळं त्यानेच केलं. पण किंमत कुठली धरायची यावरून जे चाललंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? नंदाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत.

बँकेने व्हॅल्युअर पाठवला. पोरगा चांगला होता, लेझरने खोल्या मोजल्या, फोटो काढले, चहा नको म्हणाला. आपण दहावीचा अभ्यास करायचो ती बाल्कनी, बाबांनी नंतर काचा लावून खोली केली ना, ती त्याने खोली म्हणून धरलीच नाही, मंजूर प्लॅनमध्ये बाल्कनीच आहे म्हणे. वहिनीच्या नव्या मॉड्युलर किचनवरून नुसती नजर फिरवली, तिचं तोंड बघायला हवं होतंस! बिल्डिंग 1986 ची, लिफ्ट नाही, कन्व्हेयन्स झालेलं नाही म्हणजे जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, हे मात्र सगळं बारकाईने लिहून घेतलं. रिडेव्हलपमेंटच्या गप्पा सोसायटीत कधीपासून चालल्यात, पण कागद नाही तर किंमत नाही.

रिपोर्टमध्ये आकडे तीन. बाजारभाव, त्याखाली रिअलायझेबल, म्हणजे प्रत्यक्ष विकला तर हाती येईल तो, आणि तळाला डिस्ट्रेस व्हॅल्यू, म्हणजे बँकेवर घाईघाईत विकून वसुली करायची वेळ आली तर काय हाती लागेल ते. दादाने कशावर बोट ठेवलं असेल ओळख. मी म्हटलं डिस्ट्रेसमध्ये कोण आहे, फ्लॅट की मी? हसला नाही.

मग म्हणतो ठीक आहे, एजंटला विचारू. एजंटने दर सांगितला सुपर बिल्टअपचा आणि ह्याने गुणला कार्पेटशी, म्हणजे नुसत्या आतल्या वापराच्या जागेशी! जिना, पॅसेज, भिंती सगळं हवेत. गणितात तुझी कॉपी करून पास झालेला माणूस, अजून कुणाची तरी कॉपी करायला हवी होती. ते पकडलं तर आता रेडी रेकनरवर आलाय. अगं तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारने विभागवार काढलेला दर, आपल्या फ्लॅटला दक्षिणेचा वारा आहे हे त्याला काय कळणार. पण सीए म्हणाला त्याच्या फार खाली जाऊ नका, रेकनरची किंमत व्यवहाराच्या रकमेपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असली तर टॅक्स रेकनरच्याच आकड्यावर लागतो. म्हणजे न मिळालेल्या पैशांवर टॅक्स मी भरायचा! शिवाय बाबांची खरेदी 2001 च्या आधीची, त्यामुळे टॅक्ससाठी खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, पण तीही त्या दिवशीच्या रेकनरच्या वर नाही.

तू साताऱ्याच्या वाड्याच्या वेळी व्हॅल्युएशन न करताच हक्कसोडपत्रावर सही केलीस तेव्हा मी तुला बावळट म्हटलं होतं, ते मी अजूनही मागे घेत नाहीये. रागाव खुशाल.

ओंकारचं लग्न ठरलं ना? मुलगी काय करते? फोटो टाक.

आणि तुझ्या दिरांच्या ओळखीचे ते रजिस्टर्ड व्हॅल्युअर, त्यांचा नंबर दे. बँकेचा रिपोर्ट बँकेच्या सोयीचा, मला आपला वेगळा हवाय, 2001 च्या किमतीसकट. दादाला सध्या काही बोलू नकोस, रविवारी जेवायला येतोय.

तुझी,
सुमी