तात्यांची नाव पाण्यात सोडली

मित्रा,

आठ महिने झाले तुला नीट लिहून, व्हॉट्सअपवर नुसते अंगठे चालले होते. राग आला असंल तर खुशाल धर, पण आधी हे वाच. गेल्या गुरुवारी तुमच्या तात्यांची नाव पाण्यात सोडली. घरी सांगितलं तर आई म्हणली बरं झालं, आता जेव. तुला सोडून सांगू कुणाला?

इकडं ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर गोळीवर.

पूल झाल्यापासून नाव लिंबाखाली पालथी पडलेली तू बघून गेलतास. 2016 ला जायकवाडीचा नाथसागरच मृतसाठ्यात गेला, इकडं गंगा म्हणजे आपली गोदावरी कोरडीठाक, त्या उन्हाळ्यात फळ्या इतक्या वाळल्या की सांध्यातून बोट आरपार जायचं. तेव्हा तू फोनवर म्हणलास, इकून टाक, कुणाच्या तरी चुलीला लागंल. चार महिने बोललो नव्हतो तुझ्याशी. ते विसरलो नाही, पण आज भांडत नाही.

लोकवर्गणी काढली. 2006 च्या पुरात तात्यांनी ज्यांना वस्तीवरून काढलं त्यांच्या घरचे पैसे मागायच्या आधी आले, त्यातली म्हातारी तर शंभराची नोट हातात कोंबून काही न बोलता निघून गेली. सुतारमामांनी पाच फळ्या सागवानी नव्या टाकल्या, बाकी जुन्याच. तेलात भिजवलेला कापसाचा पिळ सांध्यात छिन्नीनं ठासायचा, वरून गरम डांबर. किती रविवार गेले मोजले नाहीत, बोटं अजून काळी आहेत. मागची फळी, जिथं उभं राहून तात्या बांबू रेटायचे, तिथं त्यांच्या टाचांनी दोन खळगे पडलेत बघ. मामा ती बदलणार होते, मी आडवाच झालो. पाणी उडालं की त्या खळग्यांत ओंजळभर साचतं.

सोडली तर सगळीकडून गळायला लागली, पोरं ओरडली बुडाली बुडाली. मामा म्हणले, घाबरू नका, पिऊ द्या तिला. लाकूड फुगलं की सांधे आपोआप मिटतात. दोन रात्री आम्ही पाळीपाळीनं बादलीनं उपसत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तळ कोरडा, फक्त एका जागी थेंब थेंब. तुझा खिळा! आईच्या लुगड्याचं शीड लावायला ठोकलेला. मी पळालो आन् मार तू एकट्यानं खाल्ला.

आता खरी काळजी. निम्मं गाव म्हणतंय घाटावर चौथरा बांधून नाव रंगवून वर ठेवू, नायतर एका पुरात जाईल. तू फोटो पाठवलेल्या त्या सिडनीच्या बारागूलाचं मीच सभेत सांगून बसलो, 1922 ची फेरीबोट, 1983 पर्यंत ‘सर्क्युलर की’ धक्का ते मॅनली अशी चालली, पुढं हौशी लोकांनी जीव लावला, आन् 2022 च्या सुरुवातीला बांधल्या जागीच बुडाली. लोकांनी तेवढंच धरलं. तुझी ती 1912 ची लेडी डेनमन फेरीबोट तिकडच्या हस्किसनच्या म्युझियममध्ये आहे ना, तशी ठेवू म्हणतात. आरं पण आपला मे महिना कसला असतो, चौथऱ्यावर दोन उन्हाळ्यांत परत सांध्यातून बोट जाईल. पाण्याबाहेरची नाव मरती, तात्याच म्हणायचे.

माझं म्हणणं, डोहात बांधू. जायकवाडीचे दरवाजे उघडायच्या आधी गावागावात सांगतातच, तेवढ्यात ओढून लिंबाखाली न्यायची, पूर ओसरला की परत. डोह आटला तर ओली गोणपाटं टाकून रोज दोन घागरी. ओढायला वीस माणसं लागतात, चौदा नावं लिहून झाली. पण त्यातली नऊ पोरं उद्या पुण्याला जाणारी, मग पाच वर्षांनी कोण ओढंल? रात्री झोप येत नाही ती याच्यामुळं, शुगरमुळं नाही.

तुझं घर झालं म्हणे, लई भारी वाटलं. पोरीची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार.

नाव तुमच्या घराची आहे, म्हणून रविवारच्या सभेत तुझा शब्द पाहिजे. मला पटंल तेच लिही असं नाही, पण दोन ओळी पाठव, मी वाचून दाखवतो. आन् तो खिळा काढायचा का ठेवायचा तेही कळव, मामा त्याच्यासाठी थांबलेत.

तुझाच