परदेशी मजुरीचा परवाना गावातच तपासता यावा

महोदय,

कापसाची वेचणी आटोपली की आमच्या दारव्हा-दिग्रसकडे ‘कतार, दुबईत हेल्पर पाहिजे’ असे कागद बसस्टँडच्या भिंतींवर दिसू लागतात. खाली नुसता मोबाईल नंबर; एजंटाच्या परवाना क्रमांकाचा पत्ता नाही.

इमिग्रेशन म्हटले की विमानतळावर शिक्का मारणारा अधिकारीच डोळ्यापुढे येतो. तो गृह मंत्रालयाच्या खात्याचा. पण दहावी न झालेल्या पोराला सौदी, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत मजुरीला जायचे तर त्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांचे हित पाहणाऱ्या अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. १९८३चा कायदाच आहे तसा. त्यात नोकरीचा करार पाहिला जातो, दहा लाखांचा विमा निघतो आणि एजंटाला ३० हजार रुपये व जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. इकडे लाख-दीड लाख मोजायला लोक वावर गहाण टाकतात!

हे सगळे चुकवायला एजंट पर्यटक व्हिसा हातात ठेवतो. तिकडे पगार बुडाला तर सरकारदप्तरी पोरगा कामगार नसतोच, फिरायला गेलेला पाहुणा असतो.

नोंदणीकृत, म्हणजे परवाना असलेल्या एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. ती तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावी, आणि बसस्टँडवरच्या त्या नंबरांची पोलिसांनी एकदा चौकशी करावी.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ