रामेश्वरमजवळच्या धनुष्कोडीच्या त्या अनोळखी लोकांना थँक्यू!
पंचवटीत वाढल्यामुळे रामसेतू लहानपणापासून ऐकलेला, पण धनुष्कोडीचं वादळ कोणी सांगितलंच नव्हतं. तिथल्या मासेवाल्या अण्णांचे मनापासून आभार, मोडक्या हिंदीत अन हातवारे करत त्यांनी १९६४ च्या डिसेंबरची ती रात्र सांगितली, जवळच्या पांबनहून निघालेली अख्खी पॅसेंजर रेल्वे समुद्राने कशी गिळली ते, पडकं चर्च दाखवलं, वर चहाही त्यांनीच पाजला. रिक्षावाल्या दादांनी १९१४ चा समुद्रावरचा जुना पांबन रेल्वे पूल जहाजांसाठी मधून कसा उघडायचा ते समजावलं (भाडं मात्र कमी केलं नाही!). नाशकात आल्यावर चैन पडेना, मग सार्वजनिक वाचनालयात चक्रीवादळांवरची पुस्तकं शोधून देणाऱ्या ताई, तुमचेही आभार. आता तमिळ अक्षरं गिरवतोय, कॉलेज रोडकडे कोणी शिकवत असेल तर प्लीज सांगा.