वकीलबाई, वारसनोंदीबद्दल तुमचे आभार

आदरणीय वकीलबाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहितेय. माझी लेक तुम्हाला ते वाचून अर्थ सांगेल. इंग्रजीत 'थँक यू' मी तुम्हाला पुष्कळदा म्हटलं, पण मनात होतं ते त्यात कधी मावलं नाही. आणि यंदा तुम्ही टेक्सासातल्या आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जज पदाला उभ्या आहात, तेव्हा इथल्या मराठी घरांनाही तुम्ही कोण आहात हे कळायला हवं.

२५ ऑगस्ट २०१७ला गणेश चतुर्थी होती. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, जाऊन दीड वर्ष झालं होतं. लेकीने आग्रह केला म्हणून ह्यूस्टनहून छोटी मूर्ती आणून मी गणपती बसवला. त्याच रात्री हार्वे वादळ रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन मी परसदारी बादलीत केलं, तेव्हा पाऊस कोसळतच होता. आमच्या घरात मात्र पाणी शिरलं ते पाऊस ओसरल्यावर. वरच्या भागातलं सगळं पाणी घेऊन कोलोरॅडो नदी (ही टेक्सासातली, ग्रँड कॅन्यनची नव्हे) काही दिवसांनी आमच्यापर्यंत आली. घरं सोडायचा हुकूम निघाला होता, म्हणून मी ऑस्टिनला लेकीकडे सुखरूप होते. परतले तर स्वयंपाकघरात माझ्या कमरेच्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ होती, जणू कुणी पट्टीने आखलेली.

पूरग्रस्तांसाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज केला. उत्तर आलं, मालकी सिद्ध होत नाही. घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर होतं आणि मृत्युपत्र केलेलं नव्हतं. ज्या घरात मी लेकीला वाढवलं, ज्याचा कर दर जानेवारीत मी स्वतः भरत आले, ते कागदावर माझं नव्हतंच. दुसऱ्यांदा अर्ज केला, तेच उत्तर. त्या दिवशी मी ओल्या गादीवर बसून रडले.

चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही टेबल टाकून बसला होतात. मी रांगेत उभी राहून माझं पत्र दाखवलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि विचारलंत, "बाकीचे कागद कुठे आहेत?" मी म्हटलं, दोरीवर. तुम्हाला वाटलं असेल, हिचं इंग्रजी कच्चं आहे. दुसऱ्या दिवशी घरी आलात तेव्हा पाहिलंत की खरंच दोरीवर होते. कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेल्या कराच्या पावत्या, मृत्यूचा दाखला, आमच्या लग्नाचा सांगलीचा दाखला. खुर्ची एकही धड नव्हती. तुम्ही रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसलात आणि दोन तास उठला नाहीत.

पहिला प्रश्न तुम्ही विचारलात तो मला लागला होता, हे आज सांगते. "यांना दुसऱ्या कुणापासून मूल आहे का?" आमच्याकडे विधवेला असं कुणी विचारत नाही. माझा चेहरा पाहून तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि समजावून सांगितलंत. लग्नानंतर घेतलेलं घर टेक्सासच्या कायद्याने दोघांचं असतं. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि त्याची सगळी मुलं याच बायकोपासूनची असली, तर त्याचा वाटाही बायकोकडे येतो. एखादं मूल दुसरीकडचं असलं तर त्याचा वाटा मुलांकडे जातो. म्हणून विचारावं लागतं. वकिलाने असं समजावून सांगितल्याचा अनुभव मला तोवर नव्हता.

मग ह्यांचे वारस कोण हे सांगणारं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. ज्यांना त्या घरातून काही मिळायचं नाही, पण ज्यांना आमचं कुटुंब ठाऊक आहे, असे दोन साक्षीदार लागणार होते. एक समोरचे शेजारी आणि दुसरे ह्यूस्टनचे कुलकर्णीभाऊजी, ह्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. दोघांनी नोटरीसमोर सह्या केल्या, काउंटी क्लार्ककडे नोंद झाली. फक्त नोंदणीची फी मी भरली. तुमची फी विचारली तर तुम्ही म्हणालात, "आधी भिंती उभ्या करा."

तेव्हा मी तुम्हाला सातबाऱ्याची गोष्ट सांगितली होती, आठवते? वडील गेल्यावर आईचं नाव लावायला आम्ही तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला. मग फेरफार, मग हरकतीसाठी नोटीस. आई महिनाभर रोज विचारायची, लागलं का गं माझं नाव? तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुमच्या आईचं आणि तुमचं काम एकच आहे." त्या वाक्याने मला जो धीर आला तो मी विसरले नाही. नोंद झालेली प्रत जोडून तिसरा अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

एक गोष्ट इथल्या कुणाला माहीत नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये तुमचं एक कार्ड आलं. असं प्रतिज्ञापत्र पाच वर्षं नोंदीत राहिलं की कोर्टातही त्याचं वजन वाढतं. तुम्ही तारीख लक्षात ठेवली होतीत. कार्डावर एवढंच होतं, "आज पाच वर्षं झाली."

आता माझ्या मराठी शेजाऱ्यांसाठी थोडं. काउंटी जज या नावावर जाऊ नका. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत हा माणूस चार कमिशनरांसोबत बसून अंदाजपत्रक, कराचा दर, रस्ते, पूल ठरवतो. आपला जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष एकत्र केला आणि त्याला चार वर्षांसाठी लोकांनी निवडून दिला, तर जे होईल ते. पूर आला की घरं सोडायचा हुकूम तोच काढतो. आपल्यासारख्या लहान काउंटीत मृत्युपत्राची, वारसांची प्रकरणंही त्याच्यासमोर येतात. त्यासाठी वकील असण्याची अटही नाही. म्हणून माझ्यासारखीच्या कागदांपुढे दोन तास बसलेली वकील त्या खुर्चीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

तुमचं सगळंच मला पटतं असं नाही. प्रचारात तुम्ही कर कमी करण्यावर भर देता. मला आधी नदीकाठचा बंधारा हवा आहे, आणि हे मी तुम्हाला तोंडावरही सांगितलंय. तरी माझं मत तुम्हालाच.

मतदान ३ नोव्हेंबरला आहे. नाव नोंदवायचं तर निदान ३० दिवस आधी. एका बटणात अख्ख्या पक्षाला मत देण्याची सोय टेक्सासात २०२०पासून नाही, तेव्हा यादी लांबलचक असली तरी काउंटी जजपर्यंत खाली या.

वकीलबाई, यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. प्रचारातून तासभर काढून दर्शनाला या. उकडीचे मोदक करणार आहे. त्या वर्षी तुम्ही डब्यावर बसला होतात तेव्हा तुम्हाला चहा द्यायलाही घरात शेगडी नव्हती.

तुमची कृतज्ञ,
नदीकाठची तुमची एक अशील