घरातल्या जुन्या मोडी आणि पोर्तुगीज कागदांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

महाराष्ट्र-गोवा सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की वारसाहक्काचा कायदा बदलतो. एकाच घराण्याची बांद्याकडे राहिलेली शाखा एका कायद्याने वाटणी करते, पेडण्यात राहिलेली दुसऱ्या. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून लागू झाली. तिच्यात मुलगा आणि मुलगी दोघेही वारस. महाराष्ट्रात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा मिळायला १९९४ ची दुरुस्ती यावी लागली. पण १८८० साली गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींसाठी वेगळी संहिता निघाली होती. म्हणजे छापील कायदा एक आणि घरात चालत आलेले दुसरे, असे बराच काळ चालले असणार. घरोघरी नेमके काय झाले, हे कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही. ते वाटणीपत्रांत आणि इन्व्हेंटारीच्या, म्हणजे मयताच्या मिळकतीच्या यादी-वाटणीच्या, कागदांत आहे, आणि ते कागद तुमच्या माळ्यावर आहेत.

कायद्यांच्या तौलनिक इतिहासाचा अभ्यास करणारे आमचे मंडळ हे कागद वाचण्याचे काम करते. आम्हाला सर्वांत मोलाचे वाटतात ते महजर, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याचे कागद. वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेपुढे, गेला की वादी-प्रतिवादी आधी निवाडा मान्य करू असा राजीनामा (संमतीचा लेख) देत, जामीन देत, मग तकरिरा, म्हणजे दोघांच्या कैफियती, लिहून घेतल्या जात. साक्षीपुरावा अपुरा पडला तर दिव्यही, म्हणजे दैवी कसोटीही, होई. हरलेल्याकडून यजितपत्र (हार मान्य केल्याचा लेख) घेत, जिंकणारा हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, सरकारात भरी. महजराखाली हजर असलेल्यांच्या निशाण्या असत: पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे (छिन्नी), न्हाव्याचा आरसा. गावातल्या बलुतेदाराचीही साक्ष जिथे लिहून ठेवली गेली, असे न्यायाचे कागद आपल्याकडे आहेत याचा आम्हाला अभिमान वाटतो. पलीकडे गोव्यात गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेच्या, चालीरीती १५२६ च्या फोरालात (पोर्तुगीज सनदेत) नोंदल्या गेल्या. गावाने स्वतःचा कारभार कसा चालवला, हे या दोन्हींतून शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. असे वाचन फारसे झालेले नाही, म्हणून आम्ही ते हाती घेतले आहे.

वतने खालसा झाली, कागदांचा कोर्टातला उपयोग संपला, शाळेतून मोडी गेली. आता घर पाडून नवे बांधताना दप्तरांचे गठ्ठे टाकून दिले जातात. कोकणातला पावसाळा आणि वाळवी उरलेले संपवते.

आम्हाला हवे आहे ते असे. कागद असतील तर कळवा. आम्ही घरी येऊन, तुमच्यासमोर छायाचित्रे काढतो. मूळ कागद घराबाहेर नेत नाही. वाचनाची प्रत तुम्हाला मिळते. जमिनीचा वाद उकरून निघेल ही भीती अनेकांना असते, आणि ती रास्तच आहे. म्हणून तुमच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही कागद भाऊबंदांना, वकिलाला किंवा दलालाला दाखवला जात नाही. महार वतनाचे आणि बलुत्याचे कागद कमी सापडतात. ज्या घरांत ते आहेत त्यांनी आवर्जून कळवावे ही खास विनंती.

पैशांचीही गरज आहे. पुस्तक न दाबता वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर, आम्लरहित कागदाच्या पेट्या आणि मोडी वाचणाऱ्या मंडळींचे मानधन हा मुख्य खर्च. जुनी हस्तलिखित पोर्तुगीज वाचणारी माणसे आता थोडी आहेत. त्यांच्याकडून दोन-तीन तरुणांना शिकवून घ्यायचे आहे. शंभर रुपयेही चालतील. पावती मिळेल आणि वर्षाचा हिशेब सभेत सर्वांपुढे वाचला जाईल. गोव्यातून मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या घरांनीही गावच्या बंद घरातल्या पेट्यांची आठवण ठेवावी.

आम्ही येईपर्यंत एवढे करा: फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, ओला कागद उन्हात न ठेवता सावलीत पसरून वाळवा. गठ्ठ्याची मूळ दोरी आणि क्रम तसाच राहू द्या. कोणता कागद कोणाशेजारी होता, यावरूनच पुष्कळदा दाव्याची साखळी जुळते.