दर सोडून बाकीची पानंही वाचली जातात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

"निविदेचं काय, सगळं आधीच ठरलेलं असतं," हे वाक्य कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येतं. मीही ते सात-आठ वर्षं छातीठोकपणे म्हणत होते. कारखान्यांची कॅन्टीनं चालवणं हा माझा धंदा; सुरुवात मिरजेत घरगुती डब्यांनी झाली. निविदांबद्दलची तक्रार अगदीच खोटी नसते. एकाच्याच अंगाला बसेल अशी शिवलेली अट मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण माझ्या बऱ्याचशा निविदा मी माझ्याच टेबलावर हरले होते, ते सांगायला हे पत्र.

२०१३ साली एका कारखान्यात ताटामागे सगळ्यात कमी दर माझा होता, तरी काम दुसऱ्याला गेलं. तणतणत खरेदी विभागात गेले. तिथल्या साहेबांनी वाद घातला नाही. चहा मागवला आणि माझीच फाईल उघडून पुढ्यात ठेवली. सहाव्या पानावर पेन्सिलीनं गोल केला होता : 'आपल्या रुग्णालयातील रुग्णांना पथ्याचा आहार वेळेवर मिळेल.' आदल्या महिन्यात एका दवाखान्यासाठी भरलेल्या निविदेतलं पान तसंच्या तसं इकडं आलं होतं. साहेब एवढंच म्हणाले, "ताई, आमच्याकडं सगळे ठणठणीत आहेत."

ती फाईल चौतीस पानांची होती. आमच्या फर्मचा इतिहास, उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांचे फोटो, बँकेचा दाखला, 'दर्जा हेच आमचे ब्रीद'. त्या कारखान्याचं नाव फक्त पत्त्यात. ज्यांना जेवायला घालायचं होतं ती चारशे माणसं फाईलमध्ये कुठंच नव्हती.

आपल्याकडं निविदा भरून देणारे असतात. डिजिटल सही, अपलोड, स्टॅम्प पेपर यांत ते वाकबगार, त्यांचा आधार वाटतो हे खरं. पण मजकूर सगळ्यांना एकच. एकदा निविदा उघडताना तिघांच्या कागदांत तोच परिच्छेद निघाला, 'स्वच्छातेला प्राधान्य' या चुकीसकट. आता तर मोबाईललाच सांगितलं की तो दोन मिनिटांत वीस गुळगुळीत पानं काढून देतो. ती वाचणाऱ्याची मला दया येते.

२०२२ला दुसऱ्या एका कारखान्याची निविदा निघाली. पूर्वबोली बैठकीला, म्हणजे बोली भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीला, आम्ही नऊजण होतो. बाकीचे हजेरीवर सही करून, बिस्किटं खाऊन गेले. मी परवानगी मागितली आणि जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या दाराशी घड्याळ घेऊन उभी राहिले. सुट्टी तीस मिनिटांची. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात ताट आलं ते एकोणिसाव्या मिनिटाला. लोक चवीला नावं ठेवत होते, पण खरं दुखणं चपातीचं होतं. भाजी, आमटी, भात सगळं भराभर पुढं सरकायचं आणि चपातीच्या टोपल्यापाशी गाडी अडायची, कारण वाढणारा एकच. शिवाय सोमवारी आणि शनिवारी उपवासवाले जेवत नव्हते, तरी पातेलं तेवढंच चढायचं. उरलेला भात मागच्या दारानं जाताना मी पाहिला.

घरी येऊन पहिलं पान लिहिलं. त्यात माझ्या फर्मचं नावसुद्धा नव्हतं. 'आपल्या कामगाराला जेवायला तीस मिनिटं मिळतात, त्यातली एकोणीस रांगेत जातात,' इथून सुरुवात. खाली चपातीच्या दोन वेगळ्या टेबलांसह वाढपाचा हातानं काढलेला नकाशा, शेवटचं ताट दहा मिनिटांत देण्याचा वायदा आणि तो चुकला तर बिलातून किती कापायचं तो आकडा. उपवासाच्या दिवशी किती ताटं कमी धरणार, तेही लिहिलं.

दुसरं पान पुराचं. पुरात जेवणाचं काय, हा प्रश्न सांगलीत कॅन्टीन घेणाऱ्याला कुणी विचारत नाही, पण मनात तो प्रत्येकाच्या असतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेनं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. मी लिहिलं : सात दिवसांचं कोरडं धान्य आणि जादा गॅस कुपवाडलाच ठेवीन, सांगलीतला भाजीबाजार बंद पडला तर तासगाव आणि कवठेमहांकाळच्या बाजूनं भाजी येईल. सोबत दोन्ही पुरांच्या आठवड्यांतल्या, माझ्या जुन्या कॅन्टीनच्या हजेरीच्या प्रती जोडल्या. चूल एकाही पाळीला विझली नव्हती, हे त्या हजेरीवरूनच दिसत होतं.

दर मात्र सगळ्यात कमी नव्हता. ताटामागे चार रुपये वर. पण तेल, डाळ, गॅस, पगार, भविष्य निर्वाह निधी अशी फोड मांडली होती. त्याहून खाली गेलं तर कात्री कुठं लागणार, हे वाचणाऱ्याला आपोआप कळत होतं. काम मिळालं. आजही चालू आहे.

सरकारी निविदेत एवढी मोकळीक नसते, हे मान्य. कागदपत्रांच्या पहिल्या लिफाफ्यात एक कागद कमी पडला की दराचा लिफाफा उघडतच नाही, आणि पुढं बहुतेक वेळा कमी दरवाल्याचीच सरशी. तरी तिथंही आपण हातचं सोडतो. केंद्राच्या खात्यांसाठी २०१२चं सूक्ष्म व लघु उद्योगांचं खरेदी धोरण आहे. वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के या उद्योगांकडून, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून व्हावी असं त्यात आहे. निविदा अर्ज फुकट, बयाणा रक्कम (बोलीसोबत भरायची अनामत) माफ. उद्यम नोंदणीचा, म्हणजे आपला उद्योग सूक्ष्म किंवा लघु असल्याचा, सरकारी कागद कपाटात पडलेला असताना व्याजानं पैसे काढून बयाणा भरणाऱ्या बायका मला माहीत आहेत. ऑक्टोबर २०२१पासून केंद्रानं काही कामांत आणि सेवांत दराखेरीज गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायला मुभा दिली आहे. अशा निविदेत ते 'घड्याळाचं पान' उपयोगी पडतं.

माझं म्हणणं दोघांना आहे. एक, उद्योजकांसाठी कार्यशाळा घेणाऱ्यांना. कर्जयोजना, सत्कार, शाल-नारळ पुष्कळ झालं. एकदा दहा हरलेल्या फायली, नावं झाकून, टेबलावर ठेवा आणि खरेदीतल्या माणसाला पेन्सिल द्या. दुसरं, निविदा काढणाऱ्यांना : हरलेल्याला कारण कळवा. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम १७३मध्ये, बोलीदारानं विचारलं तर नाकारण्याचं कारण सांगावंच लागेल असं आहे. खाजगी कारखान्याला हे बंधन नाही, पण दोन ओळींच्या ईमेलला खर्च तो काय? मला ते साहेब चहा पाजणारे भेटले. इतरांना 'आपली निविदा अपात्र' एवढाच संदेश येतो, आणि मग सगळं आधीच ठरलेलं होतं असं वाटायला वेळ लागत नाही.

२०१३ची ती फाईल, रुग्णालयवाल्या पानासकट, मी जपून ठेवली आहे. कुणी अशी कार्यशाळा घेणार असेल तर घेऊन येईन. फक्त दुपारी अडीचनंतर ठेवा, जेवणं आटोपल्याशिवाय मला निघता येत नाही.

आपली,
एक कॅन्टीनचालक, कुपवाड (ता. मिरज, जि. सांगली)