वहीतलं ‘किरकोळ’

शि. सा. न. वि. वि.

काकू, तुम्ही मला ओळखाल की नाही, सांगता येत नाही. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या चाळीत आमची तिसरी खोली आणि कोपऱ्यावर तुमचं दुकान. पाव किलो साखर मागायची आणि बरणीतल्या लेमनच्या गोळ्यांकडे बघत उभी राहायची ती दोन घट्ट वेण्यांची मुलगी, एवढी खूण पुरेल का? तुम्ही हल्ली देवासला मुलाकडे असता असं कळलं. नातू फोनवर वाचून दाखवील म्हणून हे असं उघडच लिहितेय. एरवी हे चारचौघांत सांगायला मला तीस वर्षं लागली आहेत.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी आठवीत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात. इंदूरच्या गिरण्या एकेक करून थंड होत होत्या. भोंगा वाजायचा थांबला तरी आई सवयीनं पाचलाच उठून अंथरुणात बसून राहायची. घराचा खर्च आवळायचा म्हणजे काय, ते त्या वर्षी कळलं. भाडं आवळता येत नाही, पीठही फार नाही. पहिल्यांदा आवळला जातो तो साबण. दात घासायला राख आली, डोक्याचं तेल सणावारावर गेलं, आंघोळीच्या वडीचा पापुद्रा उरला की आई तो दुसऱ्या पापुद्र्याला ओल्या हातानं दाबून चिकटवायची.

‘फाटकं चालेल, मळकं नको’ हे आपल्या घरोघरचं वाक्य. माझी आजीही म्हणायची. आणि त्याच्या जोडीला, ‘पाण्याला काय पैसे पडतात?’ पाणी होतं हो. नर्मदेचं पाणी इंदुरात 1978 लाच आलं, एक दिवसाआड का होईना नळ यायचा. पण नुसत्या पाण्यानं कॉलरवरचा काळा पट्टा निघत नाही. हे वाक्य ऐकवणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

बाबा एकच ब्लेड महिनाभर चालवायचे. काचेच्या ग्लासात आतून बोटानं दाबून ते पुढेमागे घासायचे. कर्र कर्र असा बारीक आवाज यायचा, मग दाढी, मग हनुवटीवर रक्त. तसल्या चेहऱ्यानं ते सियागंजच्या पेढ्यांवर काम मागायला जायचे. आणि रंगपंचमी! सगळं इंदूर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे लोटायचं, आणि मी ताप आल्याचं सांगून घरात. रंग काढायला अर्धी वडी लागते, हा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता.

शाळेत एकदा बाईंनी माझी वेणी पट्टीनं उचलून पाहिली. हातानं नाही, पट्टीनं. उवा होत्या. मग तिसऱ्या बाकावर मी एकटी. त्याच सुमारास पाळी सुरू झाली. जुन्या लुगड्याची फडकी, ती धुवायला साबण नाही, वाळवायची तर परकराच्या खाली लपवून. दर महिन्याला तीन-चार दिवस शाळा बुडायची. घरात धान्य नसलं तर शेजारीण ओळखते, वाटीभर पाठवते. साबण संपला तर कोण पाठवणार? आणि मागणार तरी कोण?

तुमच्याकडे आम्ही कधीच मागितला नाही. उधारीवर डाळ, गूळ, गोडं तेल, बस्स. कपड्यांच्या साबणाची ती लांब पिवळी लादी तुम्ही तारेनं कापत असायचात. मी दिसले की तार हमखास तिरकी जायची. ‘हे बघ, वाकडा कापला गेला. आता कोण घेणार हा? जा घेऊन.’ तुम्हाला साबण नीट कापता येत नाही, असं मला कितीतरी महिने खरोखर वाटत होतं. एकदा दंतमंजनाची पुडी ‘दमट झालीय’. एकदा फणी ‘एक दात तुटका आहे’. घरी येऊन मोजले, सगळे दात शाबूत. बाबांसाठी ब्लेड दिलंत, ते तर ‘सुट्टे नाहीत गं, हे ठेव’ म्हणून. आणि एकदा वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून एक पुडा. ‘आईला दे. छातीशी धर, पावसानं भिजेल.’ पाऊस नव्हताच त्या दिवशी. पुड्यात पॅड होते. पुढच्या महिन्यात माझी शाळा बुडली नाही.

बाबांना दीड वर्षानं एका पेढीवर काम लागलं. पहिल्या पगाराला ते उधारी फेडायला आले तेव्हा मी सोबत होते. तुम्ही लाल कापडी पुठ्ठ्याची वही उघडलीत. तूरडाळ, गूळ, तेल, पुढे आकडे. आणि मधूनमधून एकच शब्द, ‘किरकोळ’, त्यापुढे रकमेच्या जागी आडवी रेघ. बाबांनी बोट ठेवून विचारलं, हे किती? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. ‘किरकोळ आहे ना ते? किरकोळाच्या बेरजा करत बसले तर दुकान कधी उघडू?’ बाबा काही बोलले नाहीत. घरी येताना त्यांनी दोनदा नाक शिंकरलं.

काकू, त्या रेघांबद्दल हे आभार.

आता थोडं आजचं. आम्ही चौघीजणी दर गुरुवारी मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर जातो. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून माणसं पेशंट घेऊन दोन दिवसांच्या हिशेबानं येतात आणि वीस-वीस दिवस अडकतात, अंगावरच्या कपड्यांनिशी. पहिल्या खेपेला आम्ही फार शहाणपणा केला. सुगंधी साबण, शॅम्पू, क्रीम छान पिशव्यांत भरलं, रांग लावली, आणि आमच्यातल्या एकीनं फोटो काढला. रांगेतल्या बाईनं पदर नाकापर्यंत ओढला. मला तुमची तिरकी तार आठवली आणि लाज वाटली. दुसऱ्या गुरुवारपासून रांग बंद. सामान कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे ठेवतो; ज्याला लागेल तो चहाच्या निमित्तानं येतो, उचलतो. सगळ्यात आधी काय संपतं माहीत आहे? नेलकटर. मग कपड्यांचा साबण, सेफ्टी पिना, उवांची फणी. क्रीमला कुणी हात लावत नाही. पुरुष दाढीचं सामान अगदी शेवटी मागतात, आम्ही आवरायला लागलो की.

माझी भाची ब्रिटनमध्ये असते. ती म्हणाली, मावशी, याला इकडे नाव आहे, ‘हायजीन पॉव्हर्टी’. पोट भरतं पण साबण, पेस्ट, पॅड परवडत नाहीत, अशी गरिबी. तिथं 2018 पासून ‘द हायजीन बँक’ नावाची संस्था लोकांकडून न उघडलेल्या वस्तू गोळा करून पोहोचवते, आणि स्कॉटलंडमध्ये तर 2022 पासून ज्याला लागतील त्याला पॅड फुकट देण्याचा कायदाच लागू आहे. श्रीमंत देशातही ही गत, हे ऐकून मला उगाच जरा बरं वाटलं. वाटायला नको होतं.

आपल्याकडे काहीच होत नाही असं नाही. पॅडवर 12 टक्के जीएसटी होता, तो जुलै 2018 मध्ये काढला. साबण, पेस्ट, शॅम्पूवरचा 18 टक्क्यांचा 2025 च्या सप्टेंबरात 5 वर आला. जनऔषधी केंद्रात 2019 पासून पॅड एक रुपयाला एक मिळतो. आपल्या मध्य प्रदेशानं 2024 मध्ये सातवी ते बारावीच्या मुलींच्या खात्यात पॅडसाठी वर्षाचे 300 रुपये घातले. म्हणजे महिन्याला 25. दिवसाला चार पॅड, असे पाच दिवस, म्हणजे वीस पॅड. जनऔषधी केंद्र जवळ असेल आणि त्या दिवशी माल असेल तर वीस रुपयांत भागतं. नसेल तर 25 रुपयांत अर्धाही महिना निघत नाही. त्यातही घरात ती एकटीच नसते, आई असते, मोठी बहीण असते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, वडी मिळत नाही.

आणि आपलं इंदूर 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं! मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक असे वेगवेगळे कप्पे, आणि वापरलेल्या पॅडसाठीसुद्धा वेगळा. गाडी आली की मी खाली जाते आणि दर वेळी त्या कप्प्याकडे बघून तोच विचार येतो: टाकायची सोय शहरानं केली, पण टाकायला आधी विकत घ्यावा लागतो ना.

आमच्या सामानाचीही एक वही आहे. भाची म्हणाली, एक्सेल कर. केलं. पण त्यात कोणी काय नेलं याचा रकाना नाही. त्या जागी मी ‘किरकोळ’ लिहून आडवी रेघ मारते. हिशेब तपासायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, हे काय? मी चष्म्यावरून बघायचा प्रयत्न केला, पण मला तुमच्यासारखं जमलं नाही, हसू आलं.

पुढच्या रविवारी देवासला येते. नातवाला सांगून ठेवा. येताना दहा रुपयांची साबणाची वडी आणणार आहे. वजन किती उतरवलंय, ते तुम्ही हातात धरूनच सांगाल, आणि मग कंपनीवाल्यांना ज्या शिव्या द्याल त्या मला ऐकायच्या आहेत.

तुमची,
तिसऱ्या खोलीतली